कमिशन कोणाच्या खिशातून?

नेटवर्क मार्केटिंगमध्ये विक्रेत्याला दोन वाटांनी पैसे मिळतात. पहिली वाट जुनीच आहे. वितरकाच्या दराने माल उचलायचा, छापील किमतीला विकायचा आणि मधला फरक आपला. दुसरी वाट मात्र या धंद्याची स्वतःची. विक्रेत्याने ज्यांना कंपनीत आणले आणि त्यांनी पुढे ज्यांना आणले, त्या सगळ्यांच्या खरेदीवर त्याला कमिशन मिळते. आणणारा तो अपलाइन, आलेले ते डाउनलाइन. कंपनीत शिरण्याआधी जी काही चौकशी करायची, ती फिरून फिरून या दुसऱ्या वाटेपाशीच येते. हे कमिशन ज्या पैशातून वाटले जाते, तो पैसा शेवटी भरतो कोण? साखळीबाहेरचे गिऱ्हाईक, की साखळीत कालपरवा आलेला माणूस? कंपनीचे वय, तिच्या कार्यालयाचा थाट, व्यासपीठावरचे सत्कार यांतल्या कशानेही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दारोदार विक्री आणि साखळी विक्री या एकच गोष्टी नव्हेत. १९८०च्या दशकात युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले विक्रेते व्हॅक्यूम क्लीनर घेऊन शहरांतल्या घरांच्या बेल वाजवत, तेव्हा त्यांची कमाई यंत्र विकले जाण्यावर होती. समोरच्या गृहिणीला विक्रेती करून घेण्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. साखळीची कल्पना अमेरिकेतली. न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसाठी १९४५मध्ये तिथे अशी योजना आखली गेली, की विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीखेरीज त्याने तयार केलेल्या विक्रेत्यांच्या उलाढालीवरही मोबदला मिळावा. याच गोळ्या विकणाऱ्या रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन ॲन्डेल यांनी १९५९मध्ये मिशिगन राज्यात ॲमवे काढली. भारतात मोदीकेअरने १९९६मध्ये आणि ॲमवेने १९९८मध्ये या पद्धतीने धंदा सुरू केला. नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय वस्त्यांत रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात पांढऱ्या फळ्यावर वर्तुळे काढली जात होती.

'कंपनी कायदेशीर आहे ना?' असा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याला तितक्याच हमखास होकार मिळतो. प्रकरण इतके सरळ नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९मध्ये निकाल दिला की ॲमवेची योजना पिरॅमिड, म्हणजे केवळ नव्या भरतीच्या पैशावर चालणारी योजना, नव्हे. त्यामागे कंपनीचे तीन नियम होते. महिन्याच्या मालापैकी किमान ७० टक्के माल विकला गेला पाहिजे, महिन्याला किमान दहा किरकोळ गिऱ्हाइके दाखवता आली पाहिजेत आणि सोडून जाणाऱ्याचा न विकलेला माल परत घेतला गेला पाहिजे. त्याच कंपनीच्या भारतातल्या योजनेबद्दल आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७मध्ये वेगळे मत दिले. ही योजना १९७८च्या 'प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट' या कायद्याच्या व्याख्येत बसते, असे न्यायालयाने म्हटले. या कायद्यात मनी सर्क्युलेशनची व्याख्या चांगलीच रुंद आहे. झटपट किंवा सोपा पैसा मिळवून देणारी, अथवा सभासद नोंदवले जाण्याच्या घटनेशी मोबदला बांधणारी योजना तिच्यात येते. मग तो पैसा प्रवेश-फीतून येवो वा न येवो.

बरीच वर्षे या कंपन्या अशा धूसर पट्ट्यात वावरल्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०१६मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम अधिसूचित झाले. थेट विक्रीला या नियमांनी मान्यता दिली, पिरॅमिड योजना आणि मनी सर्क्युलेशन यांना मनाई केली. नियम आले म्हणून तपास थांबले, असेही झाले नाही. एप्रिल २०२२मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲमवे इंडियाच्या ७५७ कोटी ७७ लाख रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. मालाच्या किमती अवाच्या सवा आहेत आणि सगळा भर सभासद वाढवण्यावर आहे, असा संचालनालयाचा आक्षेप होता; कंपनीला तो मान्य नव्हता. सांगायचे इतकेच, की 'सरकारमान्य' असा शिक्का या क्षेत्रात कोणत्याही कंपनीकडे नसतो. नियम पाळण्याचे स्वयंघोषणापत्र असते, आणि ते कंपनीने स्वतःच दिलेले असते.

सगळ्यात आधी वाचायचा तो कंपनीचा मोबदला आराखडा, म्हणजे सभांमध्ये ज्याला 'प्लॅन' म्हणतात तो. फळ्यावर दाखवलेला नव्हे, छापील. त्यात पैसे नेमके कशावर मिळतात हे ओळीओळीने पाहावे लागते. माल विकला गेला म्हणून, की आयडी लावली, म्हणजे नवा सभासद नोंदवला, म्हणून? एक सभासद जोडला की ठरावीक रक्कम, असे कुठेही असेल तर पुढे वाचण्याचीही गरज नाही. पण हल्ली इतके उघड कोणी लिहीत नाही. त्याऐवजी सात, दहा, पंधरा हजारांचे 'पॅकेज' असते आणि ते घेतल्यावरच आयडी ॲक्टिव्ह होते. पॅकेजमध्ये सुटाचे कापड, पाण्याचे यंत्र, गोळ्यांचे डबे किंवा ऑनलाइन कोर्स असतो. कागदावर ती विक्री असते, प्रत्यक्षात प्रवेश-फी. २०२१च्या नियमांनुसार प्रवेश-फी किंवा नोंदणी-फी घेता येत नाही, म्हणूनच तिला वस्तूचे रूप देण्याचा मोह होतो.

बायनरी प्लॅनमध्ये डावा आणि उजवा असे दोन लेग असतात आणि दोन्हीकडच्या खरेदीचे पॉइंट जुळले, म्हणजे 'पेअर' झाली, तरच पैसे मिळतात. नव्या माणसाला सांगितले जाते, 'तुमचा एक लेग आम्हीच भरून देतो, तुम्ही फक्त दुसरा बघा.' हे खरेही असते. वरच्यांची भरती त्याच्या एका बाजूला खाली उतरत राहते आणि तो लेग फुगतो. मात्र कमिशन निघते ते कमकुवत लेगवर, आणि तो त्याचा त्यालाच भरायचा असतो. फुगलेल्या लेगमधले हजारो पॉइंट त्याच्या ॲपवर दिसतात, मोजता येतात, पण खात्यात उतरत नाहीत. त्यावर कॅपिंग असते, म्हणजे दिवसाला किंवा आठवड्याला ठरावीक पेअरच धरल्या जातात. न जुळलेले पॉइंट किती दिवसांनी बाद होतात, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते.

प्लॅननंतर माल. एक साधी कसोटी बहुतेक ठिकाणी पुरते: कमिशन बाजूला ठेवले तर ही वस्तू या किमतीला कोणी घेईल का? टूथपेस्ट, साबण, प्रोटीन पावडर यांची तुलना किराणा दुकानात दहा मिनिटांत होते. फक्त ती किंमत-प्रति-ग्रॅम करावी. प्रमाण सांगताना 'आमचे कॉन्सन्ट्रेटेड आहे, थोडेच लागते' असे उत्तर येते. लागते किती, हे एक बाटली घरी वापरून कळते. खरी अडचण असते ती अशा वस्तूंची, ज्यांना बाजारात तुलनाच नाही: ऊर्जा देणारी चकती, चुंबकीय गादी, 'अल्कलाइन' पाणी. जिची किंमत कशाशीही ताडून पाहता येत नाही, त्या वस्तूत प्रवेश-फी लपवणे सर्वांत सोपे.

माल खरोखर बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकला जातो का, या मुद्द्यावर अमेरिकेत हर्बालाइफ या साखळी कंपनीच्या प्रकरणात बोट ठेवले गेले. फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या २०१६च्या तडजोडीत कंपनीने २० कोटी डॉलर भरले, पुढच्या वर्षी ती रक्कम सुमारे साडेतीन लाख लोकांना धनादेशांनी वाटली गेली. त्याहून महत्त्वाची होती अट. विक्रेत्याला मिळणाऱ्या मोबदल्याचा किमान दोनतृतीयांश भाग पडताळून पाहता येईल अशा किरकोळ विक्रीवर आधारलेला हवा. खालच्या विक्रेत्यांनी स्वतःसाठी केलेल्या खरेदीचा वाटा एकतृतीयांशाच्या वर जाता कामा नये. भारतात अशी टक्केवारीची अट नाही. तरीही जॉइनिंगचा आग्रह धरणाऱ्याला हा प्रश्न विचारता येतो: 'गेल्या महिन्यात सभासद नसलेल्या किती लोकांना माल विकला? बिले दाखवाल का?' या धंद्यात बरीच वर्षे असलेल्या माणसाकडेही बाहेरच्या गिऱ्हाइकांची पाच बिले निघत नसतील, तर कंपनीचा ग्राहक कोण आहे, हे कळले.

आता घरचा हिशेब. आकडे कल्पित आहेत, पण मांडणी रोजच्या पाहण्यातली आहे. समजा, आयडी चालू ठेवायला महिन्याला ३,००० रुपयांची खरेदी लागते. पाच टक्क्यांच्या पहिल्या पायरीवर स्वतःच्या खरेदीचे १५० रुपये परत येतात. विक्रेत्याने धडपड करून सहा जण आणले, तेही दरमहा तितकीच खरेदी करतात. गटाची उलाढाल झाली २१,००० आणि पायरी चढून दर झाला दहा टक्के. गटाला मिळाले २,१००. त्यातून सहा जणांचे प्रत्येकी १५० वजा जाता विक्रेत्याच्या हाती आले १,२००. सभेत हा आकडा टाळ्या घेतो. आता दुसरी बाजू. ३,०००च्या खरेदीतल्या ज्या वस्तू घरात खरोखर लागल्या असत्या, त्या दुकानात १,२००ला मिळाल्या असत्या. म्हणजे १,८०० जास्तीचे गेले. कमिशन १,२००. महिन्याला ६०० रुपयांची तूट, आणि अजून पेट्रोल, चहा-नाश्ता, फोन, जिल्ह्याच्या ठिकाणचे सेमिनार, त्याचे तिकीट, 'लीडर'ची पुस्तके हे काहीच धरलेले नाही. ही तूट टिकते ती एका आशेवर, की सहांचे छत्तीस होतील.

सहांचे छत्तीस, छत्तीसांचे दोनशे सोळा. कागदावर हे छानच दिसते. दहाव्या पायरीवर एकट्या त्या पायरीत ६ कोटी ४ लाख माणसे लागतात, अकरावीवर ३६ कोटी २७ लाख. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेरावी पायरी पृथ्वीवर मावत नाही. हा आक्षेप सगळ्यांना पाठ आहे आणि त्याचे उत्तरही: 'सगळे थोडेच काम करतात!' खरे आहे, म्हणून साखळी कोसळत नाही, सुकते; पण आक्षेपाचा कळीचा भाग वेगळाच आहे. प्रत्येकाने सहा आणायचे असतील तर साखळी कोणत्याही क्षणी, कितीही लहान वा मोठी असताना, सहांतले जवळपास पाच जण सगळ्यांत खालच्या पायरीवर, म्हणजे ज्यांच्या खाली कोणीच नाही अशा जागी असतात. बायनरीत निम्मे. कंपनी नवी असो की जुनी, 'सुरुवातीला आलात तर फायदा' असे सांगणारे कोणीही असो, हे प्रमाण बदलत नाही. मेहनतीने त्यातले कोण वर जाईल हे बदलेल, खाली किती राहतील ते नाही.

प्रत्यक्ष मिळकतीचे आकडे मिळवणे हा चौकशीतला सर्वांत अवघड भाग. अमेरिकेत अनेक कंपन्या सभासदांच्या मिळकतीचे निवेदन प्रसिद्ध करतात. अशी ७० निवेदने तपासून फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४मध्ये अहवाल दिला. बहुसंख्य सभासदांची मिळकत वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरच्याही आत होती. आणि तीही बहुतेक निवेदनांत खर्च वजा न करता. काहींनी तर ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांना सरासरीतूनच वगळले होते. भारतात जी कंपनी असे निवेदन देते, तिचे ते निवेदन याच डोळ्याने वाचावे: एकूण सभासद किती, सक्रिय कोणाला म्हटले आहे, शून्यवाले धरले आहेत का, मध्यक दिला आहे की सरासरी. जी देत नाही, तिच्या प्रतिनिधीकडून धनादेशाचा फोटो नव्हे, तर गेल्या दोन वर्षांचे आयकर विवरणपत्र मागावे. धनादेश कोणत्याही एका चांगल्या महिन्याचा असू शकतो, विवरणपत्र वर्षाचे असते. मागणी उद्धट वाटेल. पण समोरचा माणूस ज्या मिळकतीच्या जोरावर पैसे मागतो आहे, तिचा पुरावा मागण्यात उद्धटपणा कसला?

कागदपत्रांची तपासणी त्या मानाने सोपी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचे नाव टाकले की नोंदणीची तारीख, पत्ता आणि संचालक दिसतात. हेच संचालक आधी कोणत्या बंद पडलेल्या कंपन्यांत होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. जीएसटी क्रमांक पोर्टलवर पडताळता येतो. खाद्यपदार्थ वा पूरक आहार असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा. नियमांनुसार विक्रेत्याशी लेखी करार हवा, दंड न भरता करार मोडण्यासाठी ठरावीक मुदत हवी, माल परत घेण्याची सोय हवी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर हवा. त्याने तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत द्यायची असते आणि साधारण महिन्यात निवारण करायचे असते. दारात येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र हवे आणि त्याने वेळ ठरवून यावे, असेही नियम सांगतात. पैसे कंपनीच्या खात्यात जातात की अपलाइनच्या यूपीआयवर, याकडे लक्ष द्यावे. 'आत्ता मला पाठवा, मी तुमची आयडी लावतो' या वाक्यानंतर पावती मिळत नाही.

मात्र हे सारे कागद बरोबर निघाले, तरी त्यांतून सिद्ध होते ते फार थोडे. दादरसह मुंबई परिसरात झगमगीत दालने थाटून मोइसनाइट खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देणारी आणि नवे गुंतवणूकदार आणणाऱ्यांना बोनस देणारी 'टोरेस' हीदेखील नोंदणी झालेल्या कंपनीचीच योजना होती. जानेवारी २०२५मध्ये परतावे थांबले आणि दादरच्या दालनासमोर गर्दी जमली.

त्याआधीचे 'स्पीक एशिया' प्रकरण जास्त बोलके आहे. सिंगापूरच्या या कंपनीत ११,००० रुपये भरून वर्षाचे सभासदत्व मिळे, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणे भरायची आणि प्रत्येकी ५०० रुपये कमवायचे. अकरा हजारांचे वर्षात बावन्न हजार, शिवाय सभासद आणले तर वेगळे. ही सर्वेक्षणे कोणाला हवी होती, त्यांचे पैसे कोणता उद्योग देत होता, हा प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळाले नसते. २०११मध्ये वाहिन्यांनी तो विचारला, पाठोपाठ मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचा तपास सुरू झाला. त्यानंतर जे झाले ते लक्षात घेण्याजोगे: सभासदांनी कंपनीच्या बाजूने संघटना उभी केली. पैसे अडकलेला माणूस टीकाकाराला शत्रू मानतो, कारण कंपनी बुडाली तर पैसे बुडाले. म्हणून आत असलेल्या माणसाची साक्ष, तो कितीही सज्जन आणि जवळचा असला तरी, चौकशीत कमी वजनाची धरावी लागते. सोडून गेलेल्यांशी बोलावे. अपलाइन त्यांना 'नेगेटिव्ह लोक' म्हणतो.

जवळच्या माणसांवरच ही साखळी चालते. पहिल्याच प्रशिक्षणात शंभर नावांची लिस्ट करायला सांगतात: मावसभाऊ, शाळेतले मित्र, सोसायटीतले शेजारी, लग्नाच्या आहेर-वहीतली नावे. फोनवर काय आहे ते सांगायचे नाही, 'एक बिझनेस डिस्कशन आहे' एवढेच. हॉलमध्ये संगीत, मग गरिबीतून वर आलेल्या कोणाची तरी गोष्ट, मग गाडीचा फोटो, आणि आकडे सगळ्यांत शेवटी, घाईत. निर्णय त्याच संध्याकाळी हवा असतो. वर्षानुवर्षे टिकणार असलेला धंदा एका रात्रीने निसटत नाही. घाई असते ती घरी जाऊन हिशेब मांडला जाऊ नये याची. पूरक आहाराच्या कंपन्यांच्या सभांत मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा झाल्याच्या कहाण्या ऐकू येतात. अशा आजारांवरील उपचाराच्या जाहिरातींना १९५४च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याने बंदी आहे. कोणाची गोळी बंद करून डबा घ्यायला लावणारा अपलाइन भेटला, तर चौकशी तिथेच आटोपती घ्यावी.

एक गोष्ट सभेत कोणीच सांगत नाही. १९७८च्या कायद्याचे तिसरे कलम केवळ योजना चालवणाऱ्याला मनाई करून थांबत नाही. तिच्यात सभासद होणे, भाग घेणे, तिच्यापोटी पैसे घेणे वा पाठवणे यांनाही मनाई करते. कंपनी उद्या या व्याख्येत सापडली, तर ज्याने मेव्हण्याला आणि दोन सहकाऱ्यांना आत आणले, तोही केवळ फसलेला ठरेलच असे नाही. पैसे परत मागायला येणारे लोक तर पोलिसांच्या आधी त्याच्याच दारात उभे राहतात, कारण ते कंपनीला नव्हे, त्याला ओळखत असतात.

आधीच शिरलेल्याला बाहेर पडायचे असेल, तर करारातली माघारीची मुदत प्रथम पाहावी आणि राजीनामा लेखी, ई-मेलने द्यावा. अपलाइनला तोंडी सांगून काही होत नाही. न उघडलेला माल परत घेण्याची मागणी बिलांसह करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक खाच आहे: पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत कायदा खरेदीदाराला 'ग्राहक' मानत नाही. त्यामुळे घरच्या वापरासाठी घेतलेल्या आणि विक्रीसाठी घेतलेल्या मालाची बिले पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवलेली बरी. मुदतठेवीसारखा परतावा कबूल करून पैसे घेतले असतील तर ते प्रकरण केवळ ग्राहक आयोगाचे राहत नाही; महाराष्ट्रात त्यासाठी ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९चा कायदा आहे, जो एमपीआयडी नावाने ओळखला जातो. त्याखाली कंपनीची आणि प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करता येते. तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे करायची असते, आणि तिच्यासोबत पैसे भरल्याच्या नोंदी, करार, सभेची निमंत्रणे व व्हॉट्सॲपवरची आश्वासने जोडावी लागतात. ग्रुपमधून काढून टाकले जाण्यापूर्वीच ती उतरवून ठेवावीत.